दुबार नाव

आमच्या कार्यालयात मला 'दुबारवाले साहेब' म्हणतात. त्यातलं 'साहेब' फक्त शिपाई म्हणतो, 'दुबारवाले' मात्र सगळेच. रहिवाशांच्या याद्यांत एकाच माणसाचं नाव दोनदा आलं असेल, तर त्यातलं एक शोधून वगळायचं, हे माझं काम. बावीस वर्षांत मी चार हजारांवर माणसं निम्मी केली आहेत. नियम सोपा आहे. जी नोंद वापरात आहे ती ठेवावी, जी नुसती कागदावर आहे ती वगळावी. हा नियम परिपत्रकात मीच घालून घेतला आणि त्याखाली माझी सही आहे. हे मिरवण्यासाठी सांगत नाही. पुढे माझ्या हातून जे झालं ते किती लाजिरवाणं होतं, हे कळावं म्हणून सांगतो. दिव्याखाली अंधार असतो हे मान्य, पण किती असावा यालाही काही मर्यादा आहे.

सकाळी फिरायला जाणारे आम्ही तिघे. एक मास्तर. ते शाळेत भूगोल शिकवतात आणि वीस वर्षांपूर्वी त्यांनी गिर्यारोहणाचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं. त्या दहा दिवसांवर ते वीस वर्षं बोलत आले आहेत. दुसरे डॉक्टर, दातांचे. आपण बोलायला तोंड उघडलं की ते शब्द न ऐकता आत बघत राहतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात राम नाही. तिसरा मी, हेडक्लार्क. एका कडाक्याच्या सकाळी मास्तर म्हणाले, "या थंडीत गोठलेला धबधबा चढायचा." मी हसणार होतो, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "हेडक्लार्कना नाही जमायचं." संपलं. माणूस पहाडावर जातो तो अशा वाक्यांमुळे जातो, निसर्गप्रेम वगैरे नंतर सुचतं.

चौथा टिल्लू, म्हणजे माझा मेव्हणा. उंची सहा फूट एक इंच. नऊ वर्षांचा असताना आई-वडील गेले, तेव्हापासून माझ्या बायकोने त्याला वाढवला. आमचं लग्न झालं तेव्हा ती कपाट, शिवणयंत्र आणि टिल्लू एवढं घेऊन आली. आता तो तिशीचा आहे आणि उंच इमारतींच्या खिडक्यांना काचा बसवतो. धबधब्याचं कानावर पडताच म्हणाला, "भाऊजी, मी येणार." त्याला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

बायकोने हे ऐकलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केला. आमच्या घरी गॅस मध्येच बंद झाला की प्रकरण गंभीर असतं.

"तुम्ही पडा, धडपडा, काय वाटेल ते करा," ती म्हणाली. "पण तो जसा नेताय तसा परत आणायचा. शब्द द्या."

"दिला," मी म्हणालो.

घरात आम्ही दोघंच होतो. हे लक्षात ठेवा. दारं-खिडक्या थंडीमुळे बंद होत्या, आणि हे बोलणं मी पुढे कोणालाही सांगितलं नाही, कारण टिल्लूला ते कळलं असतं तर त्याने मला वर्षभर पिडलं असतं.

बातमी जिन्यातून खाली-वर फिरली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू मोज्यात वर्तमानपत्र घालायला सांगून गेल्या, कुठलं पान घालायचं तेही सांगून गेल्या. समोरच्या विमा एजंटने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि काही बोलला नाही, ते मला जास्त लागलं. तळमजल्यावर एक निवृत्त स्टोअरकीपर राहतात. उभा जन्म त्यांनी गोदामात खोकी, पोती, खिळे मोजण्यात घालवला. त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"वर गेल्यावर एक पथ्य पाळा," ते म्हणाले. "माणसं मोजू नका."

"का?"

"मोजली की भरतात. गोदामात माल कमी भरतो. पहाडावर माणसं जास्त भरतात."

मी हसलो. ते हसले नाहीत, किल्ली फिरवून घरात गेले.

आता मूळ पाप. पहाडावर जायला परवाना लागतो आणि त्याचा अर्ज भरायचं काम ओघाने माझ्याकडे आलं. अर्जात वर 'अर्जदाराचे नाव' आणि खाली 'सोबतच्या व्यक्तींची नावे' असा तक्ता. वर माझं नाव लिहिलं. खाली मास्तर, डॉक्टर, टिल्लू अशी तीन नावं लिहिली आणि यादी म्हटली की हात आपोआप चालतो, तसं चौथ्या ओळीत पुन्हा माझं लिहिलं. स्वतःचं नाव शेवटी घ्यावं, ही आमच्या वडिलांची शिकवण. विनयापायी हा घात झाला. परवाना आला तेव्हा त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, एकूण व्यक्ती पाच. अनुक्रमांक एकला मी आणि पाचलाही मी.

हे मी कोणालाही सांगू शकत नव्हतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी परवाना कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाई चष्मा पुसत होत्या.

"पाचव्या क्रमांकाचं नाव वगळायचं आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो.

"ज्याचं वगळायचं त्याने स्वतः हजर राहून अर्ज द्यायचा."

"मी हजर आहे."

त्यांनी परवाना पाहिला, माझं ओळखपत्र पाहिलं. "तुम्ही एक नंबर. पाच नंबर कुठायत?"

"तेही मीच."

"मग तुम्ही त्यांना वगळायला आलात, की ते स्वतःला वगळायला आलेत?"

गंमत म्हणजे हाच प्रश्न बावीस वर्षं मी लोकांना विचारत आलो होतो, जवळजवळ याच शब्दांत, आणि लोक असेच खिडकीशी ताटकळत उभे राहायचे. बाईंना माझी दया आली असावी. "राहू द्या की," त्या म्हणाल्या. "माणूस जास्त असला तर काय बिघडतं? कमी असला तर बिघडतं."

सरावाचं काय सांगू? मास्तरांनी आमच्या गॅलरीत दोर आणला आणि कमरेच्या पट्ट्याला तो कसा बांधायचा ते शिकवलं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ती गाठ. डॉक्टरांना पहिल्या फटक्यात जमली. माझ्या हातून मात्र दर वेळी फायलीच्या नाडीची गाठ पडायची, दोन वेढे आणि वर एक उलटा फास. "अहो हेडक्लार्क, जीव टांगायचाय, फाईल नाही," मास्तर म्हणाले. ती गाठ त्यांना सुटेना, ही गोष्ट मात्र त्यांनी कबूल केली नाही. शेवटी असं ठरलं, की माझी गाठ मास्तरच बांधतील. टिल्लूसमोर हे ठरलं. माझ्या अब्रूचं खोबरं झालं म्हणायला हरकत नाही.

पहाडाच्या पायथ्याशी एक चौकी होती. एक खोली, एक शेगडी, एक मोठी वही आणि भिंतीवर नंबर घातलेल्या लोखंडी आकड्यांची रांग. चौकीदार वयाने बराच होता. तो माणसाकडे न बघता वहीकडे बघून बोलायचा, त्यामुळे मला तो लगेच आपला वाटला. त्याने परवाना वाचला आणि पितळेचे पाच बिल्ले टेबलावर ठेवले.

"पाच वर, पाच खाली," तो म्हणाला. "उतरलात की बिल्ला या आकड्याला अडकवायचा आणि सही करायची. एक जरी कमी आला तर शोधायला माणसं पाठवावी लागतात."

"आम्ही चौघे आहोत," डॉक्टर म्हणाले.

"कागदावर पाच आहेत."

मास्तरांनी परवाना हातात घेऊन वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी वाचला. टिल्लू तर भिंतीला टेकून हसत सुटला. "भाऊजी, तुम्ही दुबार?" मी एक नंबरचा बिल्ला गळ्यात घातला आणि पाच नंबरचा पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली. दोन्ही पोचपावत्यांवर मीच सह्या केल्या.

धबधबा वर दोन तासांच्या वाटेवर होता. बुटांना खालून खिळ्यांचे सांगाडे, हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड, आणि चौघांच्या मधून एकच दोर. पुढे मास्तर, मग डॉक्टर, मग मी, शेवटी टिल्लू. उरलेल्या दोराचं वेटोळं टिल्लूच्या पाठीवर. पहिला तासभर मला फार मजा वाटली, हे मी मान्य करतो. बर्फ पायाखाली करकरत होता आणि मी कार्यालयात हे कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो.

मग चहाला थांबलो. टिल्लूने थर्मास उघडला, पेले मांडले, ओतले आणि थर्मास बंद केला. आम्ही चौघांनी उचलले. एक उरला.

"पाच कशाला ओतलेस?" मी विचारलं.

तो पेल्याकडे बघत राहिला. "पाच जण होतो ना," तो म्हणाला. थट्टा करताना तो डाव्या गालाने हसतो. आता हसत नव्हता. डॉक्टरांनी तो पेला उचलून पिऊन टाकला आणि थंडीत असं होतं म्हणाले. उठताना मी मागे बघितलं. जिथे बसलो होतो तिथे बर्फात बुडाच्या खुणा उमटल्या होत्या. मी मोजणार होतो. मग स्टोअरकीपर आठवले आणि मी मान वळवली.

धबधबा चाळीस फुटांचा असेल. पाणी पडता पडता थांबलं होतं, आणि आत खोल कुठेतरी अजून वाहत असल्याचा आवाज येत होता, भिंतीमागच्या नळासारखा. डॉक्टर एकदम खुलले. कुऱ्हाडीचं टोक ते इतक्या हळुवार ठोकत होते, की बर्फाला आ करायला सांगतील असं वाटलं. मी कसा चढलो ते सांगत नाही. वर पोचलो एवढं नोंदवतो. अर्धा भार दोराने ओढला आणि उरलेला मास्तरांच्या शब्दांनी.

वर पोचलो आणि धुकं उतरलं. दुपारचे दोन वाजले असतील, पण पुढचा माणूस दिसेनासा झाला. परतीची वाट एका अरुंद पट्टीवरून होती. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे मास्तरांमधला शिक्षक जागा झाला.

"हजेरी घेतो," ते पुढून ओरडले. "एक."

"दोन," डॉक्टर म्हणाले.

"तीन," मी म्हणालो.

"चार," मागून टिल्लू.

"पाच."

दोर स्थिर होता. मग मास्तरांचा आवाज आला, चिडलेला. "हेडक्लार्क, ही थट्टेची जागा नाही."

"मी नाही बोललो."

"तुमचाच आवाज होता."

तो माझाच होता. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित केलेला ऐकला की कसा जरा परका आणि बारीक वाटतो, तसा. तो टिल्लूच्या मागून आला होता. अशा वेळीही मला राग कसला आला असेल, तर माझ्या नावावर दुसऱ्या कोणीतरी बोललं याचा. सवय जात नाही. मला मास्तरांना सांगायचं होतं, की मी पुढे आहे आणि आवाज मागून आला, जरा तपासा. पण तपासायला मागे बघावं लागलं असतं.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. शंभरेक पावलं गेलो असू. मागे कपाटाचं दार निखळावं तसा आवाज झाला. टिल्लूच्या पायाखालची पट्टी खचली होती. त्याने हाक मारली नाही, फक्त एकदा "भाऊजी" असं हळू म्हणाला आणि माझ्या कमरेला हिसका बसला.

आता जे सांगतो ते मी घरी सांगितलेलं नाही. अशा वेळी काय करायचं ते मास्तरांनी दहादा शिकवलं होतं. पालथं पडायचं, कुऱ्हाड बर्फात रोवायची, अंग टाकायचं. मी त्यातलं काहीही केलं नाही. मी डोळे मिटले आणि माझा उजवा हात कमरेच्या गाठीकडे गेला. गाठ घट्ट करायला नव्हे. मास्तरांची आठच्या आकड्याची गाठ सुटायला सोपी असते, हे त्या क्षणी माझ्या बोटांना माहीत होतं. मला त्या हाताची अजून लाज वाटते. याच हाताने मी जेवतो.

गाठ सुटली नाही, कारण ती सोडवायची वेळच आली नाही. दुसरा हिसका यायला हवा होता, तो आला नाही. दोर सैल पडला. मी डोळे उघडले तेव्हा टिल्लू गुडघ्यांवर रांगत धुक्यातून माझ्याकडे येत होता. कॉलर फाटलेली, ओठ पांढरे, बाकी धड.

"थँक्यू भाऊजी," तो म्हणाला.

"मी काय केलं?"

"कॉलर धरून ओढलंत की मागून."

"टिल्लू, मी तुझ्या पुढे होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कमरेपासून त्याच्या कमरेपर्यंतच्या दोराकडे पाहिलं. "पण तुम्हीच होतात," तो म्हणाला. "म्हणालात, घाबरू नकोस, तुझ्या ताईला शब्द दिलाय."

मी तिथेच बर्फात बसलो.

मास्तर आणि डॉक्टर मागे आले. मास्तरांनी टिल्लूच्या पाठीवरचं वेटोळं तपासायला घेतलं. ते वेटोळं राहिलंच नव्हतं. दोर मागे सरळ पसरला होता, पंधरा-वीस फूट, धुक्यात. मास्तरांनी तो हळूहळू ओढून घेतला. टोकाला माणसाच्या कमरेएवढा फास होता, रिकामा. त्याची गाठ त्यांनी हातात धरून बराच वेळ पाहिली. दोन वेढे आणि वर एक उलटा फास.

"ही तुम्ही कधी बांधलीत?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते, पण माझं तोंड बंद होतं. मास्तरांनी ती गाठ सोडवायचा प्रयत्न केला, सुटली नाही. शेवटी त्यांनी तो दोर तसाच, फासासकट, मागे सोडून दिला. उतरताना तो सगळ्या वाटेभर आमच्यामागे येत होता, आणि तो नुसता घासत येत नव्हता. वाटेतल्या लहान चढावर, जिथे ओढावा लागायला हवा होता, तिथे तो हलका व्हायचा. हजेरी पुन्हा कोणी घेतली नाही.

खालच्या वळणावर, जिथून चौकीचा धूर दिसतो, तिथे दोर एकदम जड झाला आणि मग नुसता दोर झाला.

चौकीत शेगडीवर पाणी उकळत होतं. टेबलावर चार पेले मांडलेले. "या," चौकीदार वहीतून मान न काढता म्हणाला. "तुमचे पाचवे मघाशीच येऊन गेले. म्हणाले, मागून चौघे येतायत, एकजण पडता पडता वाचलाय, चहा ठेवा."

भिंतीवर पाच नंबरच्या आकड्याला बिल्ला लटकत होता. मी पिशवीचा आतला कप्पा उघडला. चेन लागलेली होती. आत काही नव्हतं.

"कुठे गेले ते?" टिल्लूने विचारलं.

"बाहेर गेले. परत वर निघाले असतील, वाट तर तेवढी एकच आहे." त्याने पहिल्यांदा मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा वहीत पाहिलं. "तुम्ही परत आलात होय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. एक नोंद जुळत नसली की माणूस जसा वैतागतो, तेवढा तो वैतागला होता.

मास्तर, डॉक्टर आणि टिल्लू यांनी बिल्ले अडकवले, सह्या केल्या. मी एक नंबरचा अडकवला आणि वही ओढली. पाच नंबरपुढे माझी सही होती. ठाम, एका दमात केलेली. मी नोकरीला लागलो तेव्हा अशी करायचो. माझी सध्याची सही शेवटाकडे घाबरून बारीक होत जाते.

चौकीदाराने बोटाने दोन ओळी दाखवल्या. "नाव एकच, ओळखपत्राचा नंबर एकच. हे दुबार झालं. वर मला विचारतील. एक खोडा आणि बाजूला सही करा."

"कुठलं?" मी विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक."

डॉक्टर म्हणाले, "अहो, पाचवं खोडा आणि चला." टिल्लू दोन्ही हातांनी पेला धरून शेगडीजवळ बसला होता. मी त्याच्या फाटक्या कॉलरकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यात पेन होतं.

जी नोंद वापरात आहे ती ठेवावी. जी नुसती कागदावर आहे ती वगळावी. नियम माझाच होता. मी पट्टी मागितली, एक नंबरच्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली.

चौकीदाराने चष्मा वर करून पाहिलं. "म्हणजे अर्जदार वर गेलेच नव्हते, असं धरायचं?"

"हो," मी म्हणालो. "तसंच धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिल्लू आणि मी घरी पोचलो. जिन्यात स्टोअरकीपर दुधाची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या मागे पाहिलं, आणि बाजूला सरकून जागा दिली. दोघांना लागते त्यापेक्षा जरा जास्त.

बायकोने दार उघडलं. टिल्लूचा चेहरा दोन्ही हातांत धरला, फाटकी कॉलर पाहिली. तो आत गेल्यावर ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

"शब्द पाळलात," ती म्हणाली.

"मी नाही," मी म्हणालो. "खरंच सांगतो. मी नाही पाळला."

"तुमचं नेहमीचंच," ती म्हणाली. "स्वतःचं नाव शेवटी." आणि ती चहा ठेवायला आत गेली. मी दार लावायला वळलो, आणि थोडा वेळ ते उघडंच धरून उभा राहिलो.